शहाऐंशी अंशांचं टेबल

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातले गुडघे सध्या माझं ऐकत नाहीत, त्यामुळे नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे. पण तो आठही अंगांच्या वतीने पोचला असं समजावं.) तुमचा खांदा आता कसा आहे? हात वर जात नाही असं तुम्ही लिहिलं होतंत, तर कृपा करून वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेवा आणि स्टुलावर चढण्याचा पराक्रम करू नका. पडलात तर तुमचे यजमान उचलणार नाहीत, आधी खोकून घेतील. त्यांच्या खोकल्यालाही माझा नमस्कार सांगा, इतक्या वर्षांची ओळख आहे.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. पण वन्सं, तुमच्यापासून काय लपवायचं? तुमचे बंधुराज गेल्या आठवड्यापासून माझ्याशी भांडलेले नाहीत. एकदासुद्धा नाही. ताप नाही, खोकला नाही, झोपही व्यवस्थित लागते. पण काल दूध करपलं, तर ते मुकाट्याने प्यायले आणि वर छान आहे म्हणाले. शेजारच्या चष्मेवाल्याने दुकानावर नवी पाटी लावली आहे, तिच्यात शुद्धलेखनाच्या दोन ढळढळीत चुका आहेत, आणि हे तिच्याखालून रोज ये-जा करतात पण मान वर करून बघत नाहीत. लग्न झाल्यापासून मी असा शांतपणा मिळावा म्हणून देवाला साकडं घालत आले. आता तो मिळाला, तर घर खायला उठतं. हे असं का झालं ते सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, तेव्हा चष्मा लावून आणि पाय पसरून बसा.

मी दुकानासाठी खोली घेतली ते तुम्हाला माहीतच आहे. आम्ही राहतो त्याच इमारतीत, जिना उतरलं की नाक्यावर. इतकी वर्षं मी पलंगावर कापड पसरून बेतत आले, आणि ज्याला झोप येई त्याच्या पाठीवर खडूच्या रेघा उमटत आल्या. (तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्या चादरीत सापडलेली टाचणीही माझीच होती. इतके दिवस मी ढेकूण म्हणत होते.) तर आता मला एकच गोष्ट मनासारखी हवी होती. दोन भिंतींना चिकटून वळणारं एकसंध टेबल. लांब बाजूवर कापड पसरायचं, आखूड बाजूवर शिवणयंत्र, आणि मधे मी. बसल्या जागी वळलं की झालं, गुडघ्यांना त्रास नाही. पलीकडच्या दवाखान्याने सगळ्या डॉक्टरांचे पांढरे कोट मला शिवायला दिले होते, त्यामुळे घाईही होती.

आता त्या दोन भिंतींचं. खोली पाहायला गेलो त्याच दिवशी यांनी दारातूनच एक डोळा मिटून कोपऱ्याकडे पाहिलं आणि घरमालकाला सांगितलं, की तुमचा हा कोपरा काटकोन नाही. घरमालकाचा चेहरा असा उतरला, की जणू कुणी त्याच्या कुळात खोट काढली. हे मात्र खुलले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून यांच्यासमोर चुकणारं असं कुणी उरलंच नव्हतं. मी एकटी चुकून चुकून किती चुकणार? पन्नास पोरांचं काम मी एकटीने ओढत होते. तिथे आयता एक कोपरा चुकलेला सापडला, आणि तोही जागचा हलू न शकणारा! दुसऱ्या दिवशी आंघोळ आधी आणि वर्तमानपत्र नंतर असा अघटित प्रकार घडला. दाढी करताना शीळसुद्धा ऐकू आली.

अडचण अशी होती, की त्या कोपऱ्यातून वरच्या मजल्यांचं पाणी खाली नेणारा लोखंडी नळ जातो, चांगला माझ्या मांडीएवढा जाड. (मांडी आताची धरावी, लग्नातली नव्हे.) म्हणजे दोन भिंती जिथे मिळतात ती जागाच नळाच्या मागे दडलेली. कोन मोजायचा तर कोनमापक ठेवणार कुठे? दुसऱ्या कुणी नळाला चार शिव्या घातल्या असत्या. यांना नळाच्या प्रेमाचं भरतं आलं. म्हणाले, याचसाठी तर प्रमेय आहे! आणि निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेला फळ्यावरचा भलामोठा लाकडी कोनमापक, सुताराकडून मागून आणलेला गुण्या (काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी) आणि माझ्या निळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ घेऊन दुकानात उतरले.

मग डाव्या भिंतीला गुण्या टेकवून तिथून बरोबर काटकोनात एक दोरा ताणला आणि खुर्चीला बांधला. उजव्या भिंतीपासून तसाच दुसरा ताणला, तो शिवणयंत्राच्या पायाला. दोन्ही दोरे दुकानाच्या मधोमध एकमेकांना ओलांडून पुढे गेले. मुद्दा असा, की एक दोरा एका भिंतीला लंब आणि दुसरा दुसऱ्या भिंतीला लंब, तेव्हा दोऱ्यांमधला कोन मोजला की भिंतींमधला कोन घरबसल्या कळतो, नळाच्या मागे डोकवायची गरज नाही. कल्पना सुरेख होती, हे मी आजही म्हणते. मी त्या दिवशी दुकानात ओणव्याने वावरले. चष्मेवाला उद्घाटन कधी आहे ते विचारायला आत शिरला, तो गळ्यात दोरा अडकवूनच बाहेर गेला, आणि सगळा मांडलेला पसारा पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला. शेवटी हे स्टुलावर बसले, आपल्या समोरचा कोन मोजला, तो भरला शहाऐंशी अंश. भुजा परस्परांना लंब, म्हणून कोन एकरूप, म्हणून कोपरा शहाऐंशी अंश, असं खणखणीत आवाजात म्हणून यांनी कंपासपेटी मिटली.

(यांचं कुठलंही बोलणं असंच असतं, हे तुम्ही लहानपणापासून सोसलं आहेच. आमच्याकडे भांडणसुद्धा रीतसर मांडलं जातं. पक्ष: छत्री हरवली आहे. साध्य: ती मी हरवलेली नाही. रचना: समज, तू काल बाजारात गेली होतीस. पुढे सिद्धता सुरू होते आणि ती संपेपर्यंत मलाच वाटायला लागतं, की छत्री मीच हरवली. एकदा तर मी चुकून कबूलही केलं होतं. मग छत्री यांच्याच शाळेत सापडली. तेव्हा म्हणाले, पक्षच चुकीचा घेतला होता, सिद्धतेत दोष नाही!)

आता सुताराकडे वळते. हा यांचाच जुना विद्यार्थी. भूमितीत दोनदा आपटी खाल्लेला, पण सरांवर भक्ती अशी, की हे आत आले की अजून हातातला रंधा खाली ठेवून उभा राहतो. (टेबलाचं काम चालू असताना हे देखरेखीला सारखे आत-बाहेर करत होते. त्याच्या उठाबशा टेबलाच्या कडेवर उमटल्या आहेत, हात फिरवला की कळतात.) त्याने भीत भीत विचारलं होतं, की सर, सरळ काटकोनच ठेवू का, थोडंफार कमीजास्त झालं तर पाचर मारून घेऊ. त्यावर यांनी त्याला जे सुनावलं ते ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. पाचर ही आळशी माणसाची भूमिती आहे, हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य. बिचाऱ्याने शहाऐंशी हा आकडा तळहातावर लिहून घेतला आणि कामाला लागला. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही काटकोनच म्हटलं असतं, तेव्हा त्या बाबतीत मला शहाणपणा सांगायची सोय नाही.

टेबल झोकात झालं हो! जाड फळी, गोल कडा, नळासाठी कोपऱ्यात सुबक खाच. गडी माणसांनी ते आत आणलं, लांब बाजू डाव्या भिंतीला घट्ट बसवली, आणि आम्ही सगळ्यांनी दुसऱ्या बाजूकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाठ फिरवून निघाली होती. नळापाशी फट सुईएवढी, आणि टोकाला जाईपर्यंत माझी अख्खी वीत आत जाईल एवढी. मग मी दुसरी बाजू भिंतीला लावून बघा म्हटलं. ती लावली, तर लांब बाजू याहून जास्त रुसली. सुतार कपाळाला हात लावून म्हणाला, "सर चुकायचे नाहीत. भिंतच चुकली आहे." चष्मेवाला गर्दी बघून आला, फटीत वाकून पाहिलं आणि आदराने विचारलं, की हे मुद्दाम असं केलं आहे का? मी हो म्हणून टाकलं. काय सांगणार?

तेवढ्यात सुताराला युक्ती सुचली. टेबल उलटं करून बघू. मलाही पटलं. (तुम्ही हसू नका, घाम फुटला की काहीही पटतं.) आम्ही सगळ्यांनी मिळून ती धुडासारखी फळी उचलली, पालथी केली, पुन्हा कोपऱ्यात ढकलली. फट होती तेवढीच. आणि वन्सं, हे सगळं होत असताना तुमचे बंधुराज हाताची घडी घालून उभे होते. फळी उलटी केली म्हणून कोन बदलत नाही, हे मला आता कळलं, त्यांना तर पाळण्यात असल्यापासून ठाऊक असणार. एरवी त्यांनी आम्हाला रस्त्यातच अडवून अर्धा तास तासलं असतं. पण माणसं एवढं ओझं उगाच उचलताहेत हे दिसत असून ते एक अक्षर बोलले नाहीत. मी फट बघायची सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. मग ते हळूच म्हणाले, "किंवा." एवढंच. आणि जिना चढून वर गेले.

त्या शब्दाचा अर्थ मला कळायला दोन दिवस लागले. वरच्या कपाटातलं त्यांचं जुनं पुस्तक चोरून काढलं आणि बेतण्याच्या कागदावर उतरवून घेतलं. प्रमेयाला शेपूट आहे, वन्सं. एका कोनाच्या भुजा दुसऱ्याच्या भुजांना लंब असतील तर ते कोन एकरूप असतात किंवा परस्परांचे पूरक असतात. म्हणजे एक तर दोन्ही सारखे, नाही तर दोघांची बेरीज एकशे ऐंशी. आमचे दोरे एकमेकांना ओलांडून गेले होते, त्यामुळे तिथे चार कोन तयार झाले होते. समोरासमोरचे दोन शहाऐंशीचे आणि उरलेले दोन चौऱ्याण्णवचे. कोपरा होता चौऱ्याण्णवचा. यांनी फक्त स्टूल उचलून थोडं बाजूला ठेवलं असतं, तर डोळ्यांसमोर बरोबर उत्तर आलं असतं. आणि सर्वांत मोठी मौज ऐका. सुताराने आपल्या मनाने काटकोन धरला असता, तर फट निम्मीच पडली असती. आमची विद्या आडवी आली आणि फट दुप्पट झाली. हे मी यांच्या तोंडावर म्हटलेलं नाही. हल्ली म्हणवत नाही.

कारण तेव्हापासून हे असे झाले आहेत. कंपासपेटी दिसत नाही. लाकडी कोनमापक पलंगाखाली गेला. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, तुला पटेल तसं कर. मी सगळे उपाय करून पाहिले. बिछान्यावरची चादर मुद्दाम तिरकी घातली. घड्याळ पुढे केलं. परवा तर कपडे वाळत घालता घालता सहज विचारावं तसं विचारलं, की काय हो, त्रिकोणाला बाजू चार असतात ना? वर्तमानपत्राच्या मागून उत्तर आलं, असतील. वन्सं, मी ओलं धोतर हातात घेऊन तिथेच खाली बसले. जन्मभर ज्या माणसाने माझ्या हिशेबातली, बोलण्यातली आणि माझ्या माहेरच्या माणसांतली एकही चूक सोडली नाही, त्याने त्रिकोणाला चौथी बाजू देऊन टाकली!

टेबलाचं म्हणाल तर मला त्याचं काही वाटत नाही. फटीत मी कापडाचे तागे उभे करून ठेवले आहेत, छान मावतात. टेबल तिरकं असलं तरी कापड सरळच बेतलं जातं, डॉक्टरांचे निम्मे कोट शिवून झाले, आणि अजून कुठल्याही डॉक्टरने माझ्या कोपऱ्याचा कोन विचारलेला नाही. सुतार दुसरी फळी आणून देतो म्हणून मागे लागला आहे, मी नको म्हटलं. मला टेबल बदलून नको, मला माझा माणूस होता तसा हवा आहे. त्यांच्या सिद्धता ऐकून माझं डोकं उठायचं, ते उठलेलं डोकंच बरं होतं. हे लिहिताना डोळे भरून आले आहेत, ते पुसून पुढे लिहिते. असो. तुम्ही काळजी करू नका. वयाने होतं असं, आपोआप ताळ्यावर येतील. सर्वांना यथायोग्य सांगावं, खांदा शेकत राहावा, आणि सवड होईल तेव्हा दोन ओळी लिहाव्यात.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. काळजी करू नका असं वर लिहिलं आहे, ते खोडावं. पत्र ज्यासाठी लिहिलं ते लिहायचं राहूनच गेलं. तुमच्या माडीचं ते उतरतं छप्पर आहे ना, त्याचा उतार किती अंशांचा आहे ते तुम्हाला कळायलाच हवं, ते कळल्याशिवाय झोप लागत नाही, असं यांना पत्र लिहून विचारा. का कळायला हवं ते कारण तुम्ही शोधा, तुम्ही लहानपणापासून यांना बनवत आला आहात. मी पुस्तकात नीट पाहून ठेवलं आहे. जमीन आडवी, छप्पर तिरकं. वरून ओळंबा सोडला तर तो जमिनीला लंब. छपराच्या वाशाला गुण्या लावून दोरा ताणला तर तो वाशाला लंब. ओळंब्याच्या नि त्या दोऱ्याच्या मधला लहान कोन तोच छपराचा उतार. दोन्ही कोन काटकोनापेक्षा लहान असले, की ते एकरूपच निघतात, तिथे ‘किंवा’ आडवं येत नाही. म्हणजे हे चुकणं शक्य नाही. तुम्हाला समजावं म्हणून पानामागे आकृती काढली आहे. माझं नाव मात्र कुठेही येऊ देऊ नका.

ता. क. दुसरा. उत्तर आल्यावर लगेच हो म्हणू नका. एखादी शंका काढा. शंका मूर्खपणाची असली तर फारच उत्तम. आणि त्या छपराखाली सुताराकडून काहीही करून घेऊ नका.

ता. क. तिसरा. घात झाला, वन्सं. चष्मेवाल्याच्या बायकोचं झंपर द्यायला शेजारी गेले, ती बोलत बसली, आणि हे पत्र टेबलावर उघडंच राहिलं. परत येऊन बघते तर पत्र घडी घालून बाजूला ठेवलेलं. उघडलं, तर सगळीकडे तांबडी शाई! मी लिहिलेल्या ‘किंवा’ या शब्दाखाली तीन रेघा आणि समोर लिहिलंय, महत्त्वाचं. आकृतीत मी काटकोनाच्या खुणा केल्या नव्हत्या, त्या त्यांनी केल्या आहेत. बिंदूंना नावं दिली नाहीत, म्हणून शेरा. ओळंबा वाकडा काढला, म्हणून शेरा. खाली गोल करून दहापैकी तीन गुण. त्याखाली तुमच्यासाठी दोन ओळी आहेत, त्या तशाच पाठवते: ताई, हिच्या आकृतीवर अजिबात विसंबू नकोस. छप्पर मोजायला मी स्वतः येतो.

वन्सं, मी शाळेत कधी नापास झाले नव्हते. आज झाले, आणि त्या तीन गुणांवर हात ठेवून दुकानाचं दार लोटून घेऊन पोटभर रडले. आता वरून हाका सुरू झाल्या आहेत. आकृती पुन्हा नीट काढून दाखवल्याशिवाय पत्र पेटीत टाकायचं नाही, असा हुकूम आहे. मी मुळीच काढणार नाही. वर जाते आणि चांगली कडकडून भांडते.